तेविसाव्या वाटीचा काळा थर

संग्रहालयात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली जाई. साहेबांशी वाद घातला तरी चालेल, पण मावशीच्या मोरीत चहाचा कप विसळायचा नाही. एकानं विसळला होता, आणि त्यानंतर आठवडाभर तो मागच्या बाजूला फिरकला नव्हता.

ती मोरी म्हणजे संग्रहालयाच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. तीन दगडी हौद, खिडकीखाली जाळीचे ट्रे, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ब्रश, बुटाच्या ब्रशपासून ते लहान बाळाच्या दात घासायच्या ब्रशपर्यंत. उत्खननातून निघालेलं प्रत्येक मडकं, वाटी, खापराचा तुकडा आधी या खोलीत यायचा. मावशी तो धुवायची, मग त्याच्यावर काळ्या शाईनं नंबर पडायचा, आणि मग तो कपाटात जायचा. एकतीस वर्षं हेच. आणि धुणं म्हणजे नुसतं पाणी मारणं नव्हे हो! आधी रात्रभर भिजवायचं, मग मऊ ब्रश, मग साबण, चुन्याचा थर धरला असेल तर पातळ केलेल्या ॲसिडचा बोळा, आणि शेवटी तीन पाण्यांतून काढायचं. ओल्या भांड्यावर बोट फिरवलं आणि ते करकरलं, की झालं. ते करकरेपर्यंत ती भांड्याची पाठ सोडत नसे. तिच्या हातचा माल बघून पाहुणे विचारायचे, हे खरंच जुनं आहे का? म्हणून तिचं नाव पडलं लख्ख मावशी, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा रसायनबाई आल्या. तिशीतल्या, डोळ्यांवर मोठा चष्मा, बोलताना हात असे हलवायच्या की शेजारच्यानं आपला कप उचलून धरावा. सोबत चार पेट्या भरून एक यंत्र. भांड्याला चिकटलेल्या कणभर मळीवरून त्यात पूर्वी काय होतं ते हे यंत्र सांगतं, कागदावर डोंगर-दऱ्यांसारखा आलेख काढून. त्यांना तीन आठवड्यांची मुदत होती आणि एकच प्रश्न होता. बावीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत, मेलेल्यांच्या उशाशी, लहान लहान वाट्या सापडल्या होत्या. साहेबांच्या मते ते दिवे होते, काचेच्या कपाटात पाटीही तशीच लावलेली होती. रसायनबाईंचं म्हणणं, दिवे नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं त्या वाट्यांत काहीतरी जाळून त्याचा धूर घेत होती. नशा करत होती.

मावशीच्या कपाळावर आठ्या पडल्या. नशेचं तिला कौतुक नव्हतं. दारूनं तिच्या घरात बारा वर्षं मुक्काम ठोकला होता आणि जाताना नवऱ्याला घेऊन गेली होती. ती म्हणाली, बाई, एवढं शिकून तुम्ही दारुडे शोधत हिंडता होय?

रसायनबाई मुळीच रागावल्या नाहीत. उलट हौदाच्या कडेवर बसल्या आणि सुरूच झाल्या. माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधीपासून बहुधा धान्य आंबवून पितोय. उंच डोंगरांवरचे लोक हजारो वर्षं पाल्याचा तोबरा चुन्याबरोबर गालात धरतात, तो चढ चढायला बळ देतो आणि भूक मारतो. कुठं तंबाखूचा धूर देवाला द्यायचे, कुठं विशिष्ट अळंबी खाऊन मेलेल्यांशी बोलायला बसायचे. खसखशीच्या बोंडाचा चीक दुखण्यावरही घेत आणि दुःखावरही. असा समाज शोधून सापडणं कठीण, की ज्यानं आपल्या भोवतालच्या झाडोऱ्यातून एकतरी गुंगीचं किंवा तरतरीचं झाड हुडकून काढलं नाही. आणि त्या सगळ्या खानदानातली सगळ्यांत सभ्य पोर म्हणजे तुमच्या हातातला चहा, मावशी. वेळ चुकली तर डोकं दुखतं ना तुमचं?

दुखायचं. चांगलं ठणकायचं. मावशीनं हातातल्या कपाकडे असं पाहिलं, जणू घरच्या माणसानंच चहाडी केली. मग तिला हसू फुटलं, आणि त्या दिवसापासून ती रसायनबाईंची झाली. रोज चार वाजता दोन कप घेऊन ती वर प्रयोगशाळेत जायची आणि विचारायची, आज कोण काय प्यायलं? घरी नणंदेला तोच धडा पुन्हा. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, सत्तरीची, गुडघ्यांनी अधू पण जीभ धारदार. दोघी विधवा एकाच घरात राहायच्या, एकमेकींवाचून करमायचं नाही आणि एकमेकींशी पटायचंही नाही. वन्सं म्हणाल्या, तीन हजार वर्षं झाली तरी पुरुषांना अक्कल आली नाही, एवढंच ना? हे सांगायला यंत्र कशाला हवं?

तिसऱ्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला, मावशींना वर बोलावलंय. मावशीनं हात पुसले, केस सारखे केले. तिला वाटलं, सापडलं! ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढली, या वयात.

वर टेबलावर वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या, चकचकीत. साहेब खिडकीपाशी उभे होते. रसायनबाईंनी एक कागद पुढे सरकवला, मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांवर एकाच जागी एकच उंच टोक. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, मावशी, तुम्ही वाट्या कशानं धुता? मावशीनं अभिमानानं साबण सांगितला, ॲसिडचा बोळाही सांगितला. रसायनबाईंनी मान हलवली. चाळीस वाट्यांत निर्विवाद सापडलेला पदार्थ एकच होता, तिचा साबण.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. जी मळी हवी होती तीच तिनं खरवडून काढली होती. एकट्या या वाट्यांची गोष्ट नव्हती. एकतीस वर्षं! कोण काय खात होतं, काय पीत होतं, कशावर झिंगत होतं, ते सगळं तिनं तीन पाण्यांतून काढून गटारात सोडलं होतं, आणि वर बोट करकरलं म्हणून खूश झाली होती. साहेब म्हणाले, दोष तुमचा नाही, तेव्हा सगळीकडे असंच करत, आम्हीच सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण खऱ्यानं काही आराम पडेना.

रसायनबाईंची मुदत चार दिवसांवर आली होती. काही सापडलं नाही तर ‘पुरावा नाही’ असं लिहून यंत्र पेटीत भरायचं आणि जायचं. पाटीवर दिवे ते दिवेच राहणार. जाता जाता काही सुटलं नाही ना, हे बघायला साहेबांनी जुन्या नोंदवह्यांचं बाड उघडलं आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. टेकडीवरून आलेल्या वाट्या एक्केचाळीस. कपाटात चाळीस. तेविसाव्या वाटीपुढे लिहिलेलं होतं, ‘धुताना फुटली, टाकून दिली’, आणि खाली मावशीची सही.

रसायनबाई खुर्चीतून उठल्याच. धुताना फुटली म्हणजे धुणं अर्धवट राहिलं! तुकडे कुठं टाकायचात तुम्ही? मागं खड्डा होता का? खणू आपण!

“बावीस वर्षं झाली, बाई,” मावशी म्हणाली. “आता कुठं आठवणार?”

ती खोटं बोलत होती. वाटी फुटलीच नव्हती. ती तळघरात, ‘किरकोळ तुकडे’ लिहिलेल्या नवव्या खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, धडधाकट बसलेली होती. ती तिथं मावशीनंच ठेवली होती.

त्याचं असं झालं होतं. त्या वाटीच्या आत एक काळा, काचेसारखा कडक थर होता आणि तो निघेना. मावशी तिच्यामागे अकरा दिवस लागली. साबण झाला, ॲसिडचा बोळा झाला, खाण्याचा सोडा झाला, घरून व्हिनेगर आणून झालं. वाटी हूं की चूं करेना. तेव्हा नोकरीला नऊ वर्षं झाली होती आणि ‘लख्ख’ हे नाव नुकतंच पडलं होतं. ती काळी वाटी तिच्या हातची म्हणून कपाटात चाळीस जणींच्या शेजारी बसायची? फुटलं म्हणून कुणी नाव ठेवत नसे, हात कुणाचाही सुटतो. पण निघालं नाही, हे तिला सोसवेना. म्हणून तिनं वहीत ती फोडली आणि खोक्यात लपवली. धुतल्या तांदळासारख्या नोकरीतली ही एक लबाडी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती बावीस वर्षं झाकून होती.

त्या संध्याकाळी तिनं भाजी करपवली. वन्संनी दोनदा विचारलं, काय झालं. मावशीनं आडून आडून सुरुवात केली, समजा ऑफिसात एकीनं खूप वर्षांपूर्वी असं असं केलं असेल तर, वगैरे. वन्सं म्हणाल्या, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? मावशी अशी दचकली की सगळं सांगूनच बसली. आणि म्हणाली, आता सात-आठ महिने राहिलेत, खोटी नोंद केली म्हणून काढून टाकलं तर? काढलं नाही तरी हसतील. एकतीस वर्षांत कमावलेलं एकच नाव आहे माझ्याकडे.

गुडघ्याला तेल चोळता चोळता वन्संनी हात थांबवला.

“माझ्या भावाची दारू तू बारा वर्षं लपवलीस. शेजाऱ्यांना सांगायचीस, पित्त झालंय, ताप आलाय. त्याच्या ओकाऱ्या धुतल्यास, बाटल्या लपवल्यास, आणि मीही तुला साथ दिली. कुणाचं भलं झालं त्यानं? तो लवकर गेला, एवढंच झालं. आता मडकं लपवून कुणाला वाचवणार आहेस?”

इतक्या वर्षांत वन्सं हे कधी बोलल्या नव्हत्या. मावशीला राग आला, रडू आलं, आणि मग एकदम हलकं वाटलं. तिनं करपलेली भाजी तशीच वाढली आणि दोघींनी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी ती तळघराच्या दाराशी उभी होती. वर्तमानपत्र पिवळं पडून भुरभुरत होतं. आत वाटी, काळी ती काळी. तिनं ती दोन्ही हातांत धरून वर नेली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. फुटली नव्हती, म्हणाली. निघाली नाही म्हणून लपवली. साहेबांचं तोंड उघडं राहिलं, आणि रसायनबाईंनी तर खुर्ची पाडली. लाल शाईनं वहीतली नोंद खोडून साहेबांनी एका हातानं तिला लेखी समज दिली, आणि दुसऱ्या हातानं फर्मान काढलं, की यापुढे विचारल्याशिवाय एकही भांडं धुवायचं नाही. समजेचा कागद तिनं चार घड्या करून कनवटीला लावला. तिला वाटलं होतं तेवढा तो बोचला नाही.

पण घोडं अजून गंगेत न्हायलं नव्हतं. अकरा दिवस साबण-ॲसिड खाल्लेल्या वाटीत शिल्लक काय राहणार? रसायनबाईंनी विचारलं, काय काय लावलंत ते आठवेल? आठवेल? मावशीला त्या वाटीशी झालेलं भांडण तोंडपाठ होतं. पहिल्या दिवशी कोमट पाणी, दुसऱ्या दिवशी साबण, पाचव्या दिवशी सोडा, ती सांगत गेली आणि बाई भराभरा लिहीत गेल्या. चेहरा उजळत गेला त्यांचा. कोणती टोकं मावशीची, ते आता माहीत झालं होतं, ती वजा करायची. शिवाय थर जाड होता. वरचा पापुद्रा सोडून आतलं घेतलं तर तिथं साबणाची मजल गेली नसेल.

ते दोन दिवस मावशी जिन्यावरच राहायला गेली म्हणा ना. चार वाजताचा चहा दहालाही जाऊ लागला, बारालाही. यंत्र घुंऽऽ करत होतं. निघालं काहीच नाही तर आपली अब्रूही गेली आणि हातीही काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद बाहेर आला. साबणाचं टोक इवलंसं, कोपऱ्यात. आणि मधोमध एक उंच, टोकदार डोंगर, त्याच्या शेजारी दुसरा. रसायनबाईंनी कागद उजेडात धरला, चष्मा काढला, पुसला, घातला. गांजाच्या जातीच्या झाडाचा राळेसारखा चीक, आणि तोही जाळलेला! त्यांनी मावशीला कवटाळलं आणि दोघी वेड्यासारख्या नाचल्या, यंत्राची वायर पायात येईपर्यंत. साहेब धावत आले. दिव्यांची पाटी त्यांनी स्वतः उचकटून काढली, आणि तेही हसत होते.

खरी गंमत मात्र शेवटच्या दिवशी झाली. बाईंनी त्या थराचा तांदळाएवढा तुकडा उभा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली लावला होता. काळे पट्टे सात, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये एक फिकी रेघ, वाळूचे बारीक कण असलेली. त्यांचा तर्क, वाटी उघड्यावर पडून असेल, वाऱ्यानं वाळू बसली असेल. त्या तसंच लिहिणार होत्या. जायच्या आधी मावशीला दाखवू म्हणून त्यांनी बोलावलं. मावशीनं एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला. आधी काही दिसेना, मग दिसलं. मग तिनं तुकडा निघालेल्या जागी वाटीच्या तळाशी काय दिसतं ते दाखवायला सांगितलं. तळाच्या मातीत ओरखडे होते, गोल गोल.

“बाई, हा वारा नाही,” ती म्हणाली. “हे घासलंय.”

ती तशीच खाली गेली, बाहेरच्या कुंडीतली मूठभर वाळू आणि एक मातीची थाळी घेऊन वर आली, आणि घासून दाखवलं. मुठीत वाळू, गोल फिरवायची, आणि तळ आणि भिंत मिळतात त्या खाचेत अंगठ्यानं दाबायचं, कारण काळं तिथंच धरतं. थाळीवर उमटलं तसंच वाटीत होतं, फक्त उलट्या फेऱ्यानं. डावखुरी होती ती, मावशी म्हणाली. आणि चांगली घासणारी होती. प्रत्येक धुराच्या खेपेनंतर कुणीतरी ही वाटी घासायला बसत होतं, आणि निघत नव्हतं म्हणून ओरखडत होतं.

रसायनबाईंच्या लक्षात आलं. म्हणजे एखाद्या वेळची गोष्ट नव्हती ही. पुन्हा पुन्हा होणारं, घरातलं, नेमाचं काम होतं. त्या म्हणाल्या, इतके लोक नशेचा इतिहास लिहितात, कोण काय घेत होतं, कशासाठी घेत होतं. नंतरची भांडी कोण घासत होतं, हे मी आजवर कुठं वाचलं नाही. त्या खाली बसून भराभर लिहू लागल्या. आणि लिहिता लिहिता थांबल्या. सातव्या, सगळ्यांत वरच्या काळ्या पट्ट्यावर वाळूची रेघ नव्हती. त्यावर होता तो फक्त मावशीचा साबण.

“सातव्यांदा नाही घासलं तिनं,” त्या म्हणाल्या. “कंटाळली असेल का?”

मावशीनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. वाटी मेलेल्याच्या उशाशी सापडली होती, हे तिला आठवलं.

“कंटाळली नाही. ज्याचं घासायची, तो गेला असेल. माझा नवरा गेला ना, तेव्हा त्याचा पेला ओट्यावर होता, तळाशी थोडी उरलेली. बारा वर्षं रोज शिव्या देत घासला मी तो पेला. त्या दिवशी हातच लागेना. पंधरा दिवस तसाच होता.”

रसायनबाईंचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं होतं. मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“लिहा ना,” ती म्हणाली. “थांबलात का?”